जुन्या सलूनमध्ये दुपारी नको, संध्याकाळी जा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की मराठी वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत अमेरिकेच्या पश्चिम भागावर भरपूर लिहून येते. यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, माउंट रशमोर, लास व्हेगस, त्यांची अंतरे, तिकिटे, हॉटेले असे सगळे त्यात असते. वाटेवरच्या छोट्या गावांत शंभर-सव्वाशे वर्षे टिकलेली सलून, म्हणजे जुनी मद्यगृहे, मात्र ‘फोटो काढण्याजोगे ठिकाण’ एवढ्यावरच आटोपतात. सहलीच्या बसही तिथे भर दुपारी थांबतात. आत काळोख, चारदोन माणसे, भिंतीवर हरणाचे डोके. मंडळी फोटो काढून दहा मिनिटांत परत बसमध्ये चढतात. त्याच खोलीत संध्याकाळी गाव जमतो, आणि पाहण्यासारखे असते ते तेव्हाच. दारूला न शिवणाऱ्यांनी आणि शाकाहारी मंडळींनीही सहलीतली एक संध्याकाळ अशा जागी घालवावी, असे माझे ठाम मत आहे. तिथे कसे जावे, कुठे बसावे, काय मागावे, काय टाळावे हे कुणी सांगत नाही, म्हणून हे पत्र. लांबले आहे, पण शक्य तो न कापता छापावे ही विनंती.

आधी जागा. माउंट रशमोर पाहून यलोस्टोनकडे निघालेली गाडी आय-९० महामार्गाने वायोमिंगमधल्या बफेलो गावी येते. रशमोरजवळच्या रॅपिड सिटीहून हे अंतर दोनशे मैलांच्या जरा वर आहे. बहुतेक जण इथे पेट्रोल भरतात आणि अंधार पडेपर्यंत यलोस्टोनच्या वाटेवरच्या कोडी गावाच्या दिशेने गाडी रेटतात. त्याऐवजी मुक्काम बफेलोलाच टाकावा. मेन स्ट्रीटवर १८८० मध्ये सुरू झालेले ऑक्सिडेंटल हॉटेल आहे आणि सलून त्याच इमारतीत आहे. तिथे गुरुवारी संध्याकाळी ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताची बैठक बसते, तेव्हा तारखा अशा लावाव्यात की गुरुवार बफेलोत येईल. दुसऱ्या दिवशी यूएस-१६ महामार्गाने बिगहॉर्न डोंगर चढून, ९,६६६ फुटांवरच्या पावडर रिव्हर खिंडीतून टेन स्लीपमार्गे कोडी गाठता येते. कोडीतही ‘वाइल्ड वेस्ट’ खेळांनी गाजलेल्या बफेलो बिलने १९०२ मध्ये बांधलेले आणि स्वतःच्या मुलीचे नाव दिलेले आयर्मा हॉटेल आहे, त्यातला चेरीच्या लाकडाचा बार, म्हणजे पेये देण्याचा ओटा, पाहावा. पण कोडी हे पर्यटकांचे गाव. उन्हाळ्यात तिथे स्थानिक माणूस शोधावा लागतो.

फिनिक्सहून ग्रँड कॅन्यनला जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून ॲरिझोनातल्या प्रेस्कॉटला थांबावे. तिथल्या ‘व्हिस्की रो’वरचे पॅलेस सलून १८७७ चे. १४ जुलै १९०० च्या आगीत अख्खी रांग जळाली. तेव्हा गिऱ्हाइकांनी आतला कोरीव बार उचलून समोरच्या कोर्टाच्या चौकात नेला. १९०१ मध्ये सलून नव्याने उभे राहिले आणि बार परत आत आला. लास व्हेगसपासून चाळीस मैलांच्या आत गुडस्प्रिंग्ज नावाची जुनी खाणवस्ती आहे. तिथले पायोनियर सलून १९१३ चे, आणि त्याच्या भिंती आणि छत दोन्ही ठसे उमटवलेल्या पत्र्याचे. १६ जानेवारी १९४२ ला जवळच्या पोटोसी डोंगरावर विमान आदळून अभिनेत्री कॅरोल लोंबार्डसह २२ जण गेले. तिचा नवरा क्लार्क गेबल बातमीची वाट पाहत या सलूनमध्ये बसला होता, असे गावकरी सांगतात. लेक टाहोला जाणाऱ्यांसाठी नेवाडातच जेनोआ गाव आहे आणि तिथला बार आपले साल १८५३ सांगतो.

आत शिरल्यावर सगळ्यात आधी बघायचा तो बार, आणि तो नीट बघायला पाच मिनिटे पुरत नाहीत. पुढचा लांब ओटा हा एक भाग. मागच्या भिंतीला खांब, कमानी आणि मोठे आरसे असलेले जे भव्य लाकडी काम दिसते तो बॅकबार, हा दुसरा. अशी कामे बहुतेक ब्रन्सविक-बाल्के-कॉलेंडर या कंपनीची. आयोवातल्या डुब्यूक इथल्या कारखान्यात हे बार घडत, सुटे भाग करून रेल्वेने येत, आणि रूळ संपले की पुढे बैलगाडीने. म्हणूनच सहाशे वस्तीच्या खाणगावात राजवाड्यात शोभावे असे लाकूडकाम दिसते. आरसा नुसत्या शोभेसाठी नव्हता. पाठमोऱ्या बारटेंडरला खोली दिसे आणि ओट्याशी उभ्या माणसाला आपल्या मागून कोण आले ते कळे. शिवाय दिव्यांचा उजेड दुप्पट होई. ओट्याच्या पायथ्याशी पितळी दांडी असते. तासन्‌तास उभे राहून पिणाऱ्याने एक पाय त्यावर टेकला की कंबरेवरचा ताण कमी होतो. काही ठिकाणी दांडीखाली फरशीत लांब पन्हळ अजून दिसते, ती तंबाखूच्या पिचकाऱ्यांसाठी.

खोली अरुंद आणि खोल का, याचे उत्तर गावाच्या नकाशात आहे. मुख्य रस्त्यावरचे भूखंड बहुधा २५ फूट रुंद पाडलेले असत, त्यामुळे ओटा लांबीच्या भिंतीला, टेबले समोर आणि जुगार वा नाच मागे, अशीच मांडणी बसे. पत्र्याचे छत प्लास्टरपेक्षा स्वस्त आणि हलके, आणि शेगडीच्या ठिणग्यांना ते दाद देत नसे. झुलते दार चित्रपटांनी फार मोठे केले. वायोमिंगच्या हिवाळ्यात अर्ध्या दाराने भागत नाही, मागे पूर्ण दार हवेच.

एखादे सलून ‘अखंड चालू’ असल्याचा दावा करत असेल तर १९२० ते १९३३ या काळात तिथे काय विकले जात होते, हे जरूर विचारावे. देशभरची दारूबंदी १७ जानेवारी १९२० ला लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ ला उठली. ॲरिझोनाने तर १९१५ पासूनच बंदी घातली होती. सलून उपाहारगृहे झाली, आइसक्रीमची दुकाने झाली, कुठे सिगारची. ब्रन्सविक कंपनी बार सोडून बिलियर्ड, बोलिंग, टायर आणि ग्रामोफोनकडे वळली. त्यामुळे दारूबंदीपूर्वीचा बार जिथे जागच्या जागी टिकला ती इमारत मोलाची. हा प्रश्न विचारला की बारटेंडरचा चेहरा खुलतो, कारण ‘गोळीबाराची भोके कुठे आहेत’ हा प्रश्न त्याला दिवसातून वीसदा ऐकावा लागतो.

आणखी एक गोष्ट जाणाऱ्याने माहीत करून घ्यावी. या खोल्या सगळ्यांसाठी खुल्या नव्हत्या. मूळ अमेरिकी रहिवाशांना दारू विकणे संघराज्याच्या कायद्याने १९५३ पर्यंत गुन्हा होता. प्रतिष्ठित समजल्या जाणाऱ्या बायकांनी पुढच्या दाराने आत येणे समाजाला मान्य नव्हते. भिंतीवरच्या जुन्या फोटोत कोण नाही, हेही पाहावे. आज बायका एकट्याही येऊन बसतात, आणि बारमागे बहुधा बाईच असते.

आता वेळ. छोट्या गावांत जेवणे लवकर उरकतात. स्वयंपाकघर रात्री आठ-नऊला बंद होते आणि त्यानंतर शेंगदाणे किंवा चिप्सशिवाय काही मिळत नाही. कामावरून सुटलेली माणसे पाचच्या सुमारास येऊ लागतात. म्हणून साडेपाच-सहाला पोहोचावे, जेवण तिथेच करावे आणि गाणे असेल तर बसून राहावे. शनिवार टाळलेला बरा. गर्दी आणि गोंगाटात कुणाशी बोलणे होत नाही. मंगळवार ते गुरुवार उत्तम. हिवाळ्यात कित्येक ठिकाणी वेळा आखडतात आणि काही दिवस टाळेही असते, तेव्हा जाण्याआधी फोन करावा. फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात: स्वयंपाकघर कितीपर्यंत चालू, २१ वर्षांखालच्या मुलांना आत घेता का, आणि आत धूम्रपान चालते का. मुलांबाबत प्रत्येक राज्याचा आणि परवान्याचा नियम वेगळा आहे. जेवणाच्या टेबलावर चालते पण ओट्यापाशी नाही, असे पुष्कळ ठिकाणी असते. नेवाडात फक्त २१ वर्षांवरच्यांना घेणाऱ्या बारमध्ये धूम्रपान चालते, वायोमिंगमध्ये राज्यभर लागू असा बंदीचा कायदा नाही, तर ॲरिझोना आणि मोंटानात बंदी आहे. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मूळ पासपोर्ट जवळ हवा. केस पिकलेले असले तरी मागतात, त्यात अपमान मानू नये, परवाना बारटेंडरचा जायचा असतो. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. आपल्या पासपोर्टवर जन्मतारीख आधी दिवस, मग महिना अशी छापलेली असते आणि तिकडे आधी महिना वाचतात. नुकतीच एकविशी ओलांडलेल्या मुलांची इथे अडचण होते. ११/०५, म्हणजे आपली ११ मे, ही तारीख ते ५ नोव्हेंबर अशी वाचतील. आपणच शांतपणे समजावून सांगावे.

दाराशी ‘सीट युअरसेल्फ’ अशी पाटी असेल तर स्वतः जागा घ्यायची, नसेल तर थांबायचे. दोघे-तिघे असाल तर टेबल सोडून ओट्यापाशीच बसावे, कारण बोलणे तिथेच होते. टेबलावर बसलेल्या पाहुण्याशी कुणी आपणहून बोलायला येत नाही. दहा जणांनी टेबले जोडून बैठक मांडली की ते आपले वेगळे गाव होते, मग इतक्या लांब येऊन उपयोग काय? गट मोठा असेल तर दोन-दोन, तीन-तीन जणांनी विखरून बसावे.

ओट्यापाशी बसताना तीन खुणा ओळखता आल्या पाहिजेत. ग्लासवर कोस्टर, म्हणजे ग्लासखाली ठेवायची चकती, किंवा कागदी रुमाल झाकलेला असेल तर ती जागा रिकामी नाही, माणूस परत येणार आहे. खुर्चीवर जाकीट असेल तरी तेच. तिसरी खूण नव्या माणसाच्या हमखास नजरेतून सुटते. ओट्याच्या एका टोकाला रबरी चटई अंथरलेली असते, शेजारी लिंबाच्या फोडी आणि चेरींचा डबा, आणि दोन्ही बाजूंना वाकवलेल्या धातूच्या कड्या. गर्दीत तीच एक मोकळी जागा दिसते म्हणून लोक तिथे घुसतात. ती टेबलांवर पेये नेणाऱ्या वाढपिणीची जागा असते. तिथे उभे राहिलात तर सगळ्या खोलीची पेये अडतात आणि कुणी तोंडाने बोलले नाही तरी नाराजी ओढवते. कुणाच्या टोपीला हात लावू नये, ओट्यावर ठेवलेली असेल तर सरकवूही नये. ‘घालून फोटो काढू का’ हे तर मुळीच विचारू नये.

पेय मागताना हाक मारणे, चुटकी वाजवणे, नोट हलवणे तिथे उद्धटपणाचे ठरते. बारटेंडरची नजर मिळेपर्यंत थांबावे आणि नजर मिळाली की काय हवे ते तयार असावे. व्हिस्की पेगच्या हिशेबाने मिळत नाही. तिथले माप दीड औंस, म्हणजे ४४ मिलीलिटर, आणि पुष्कळ बारटेंडर माप न वापरता अंदाजाने ओततात, तेव्हा पन्नाशी सहज ओलांडते. आपल्या छोट्या पेगच्या सवयीने ‘दोनच घेतल्या’ म्हणणाऱ्याच्या पोटात प्रत्यक्षात जवळजवळ तीन किंवा त्याहून जास्त गेलेल्या असतात. नुसते ‘व्हिस्की’ म्हटले तर खालच्या फळीवरची स्वस्त बाटली येते. विशिष्ट हवी असेल तर नाव घ्यावे. बर्बन या अमेरिकी व्हिस्कीत किमान ५१ टक्के मका आणि आतून जाळलेले नवे ओकचे पीप हे कायद्याचे बंधन आहे, त्यामुळे ती गोडसर लागते. राय नावाच्या धान्याची व्हिस्की तिखट असते. पाणी वेगळ्या ग्लासात हवे तर ‘वॉटर बॅक’ म्हणावे. मोंटाना-वायोमिंगकडे व्हिस्की-पाण्याला ‘डिच’ म्हणतात आणि बिअरमध्ये टोमॅटोचा रस घालून ‘रेड बिअर’ पितात. हे शब्द वापरले की बारटेंडर लगेच मोकळेपणाने बोलू लागतो.

बिअरबाबतही टक्केवारी पाहावी. १२ औंसांची ५ टक्क्यांची बाटली म्हणजे एक माप, साधारण १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. पण १६ औंसांचा ७ टक्क्यांचा ग्लास जवळजवळ दोन मापांचा असतो. शरीर तासाला साधारण एकच माप जिरवते. बफेलो साडेचार हजार फुटांच्या वर आहे, प्रेस्कॉट पाच हजारांच्या वर, आणि दोन्हीकडे हवा कोरडी. प्रत्येक पेयामागे एक ग्लास पाणी प्यावेच, नाहीतर दुसऱ्या दिवशी घाटात डोके धरून बसावे लागेल.

न पिणाऱ्यांनी संकोच करू नये. रूट बिअर, सार्सपरिला, जिंजर एल ही पेये त्या भागातली जुनी आणि चांगली आहेत, आणि नावात ‘बिअर’ असले तरी तिथे मिळणाऱ्या नेहमीच्या रूट बिअरमध्ये दारू नसते. सोडा आणि लिंबाची फोड मागितली तर कुणी दोनदा वळून बघत नाही. गाडी चालवणाऱ्याला काही ठिकाणी असे पेय फुकटही देतात. तरीही त्यावर टीप ठेवावी.

टीप हा तिथे ऐच्छिक उपचार नाही. टीप मिळणाऱ्या कामगारांना संघराज्याच्या कायद्यानुसार मालकाने द्यायची किमान रोख मजुरी १९९१ पासून तासाला २.१३ डॉलर आहे, आणि वायोमिंगमध्ये तीच चालते. नेवाडा, मोंटाना, कॅलिफोर्नियात पूर्ण किमान वेतन द्यावे लागते, पण टीपची अपेक्षा तिथेही आहेच. रोखीने एकेक पेय घेत असाल तर दर पेयामागे एक डॉलर, मिश्र पेय असेल तर दोन, आणि शेवटी एकदम बिल करणार असाल तर १५ ते २० टक्के. एक आणि पाच डॉलरच्या नोटा आधीच सुट्या करून घ्याव्यात. कार्ड दिले की ‘ओपन ऑर क्लोज?’ असे विचारतात. हिशेब चालू ठेवायचा असेल तर कार्ड बारटेंडरकडे राहते आणि ते परत घ्यायला विसरणारे पुष्कळ असतात. बिलाच्या दोन प्रती येतात. दुकानाच्या प्रतीवर टीप आणि एकूण रक्कम या दोन्ही ओळी स्वतः भरून सही करावी, एकही कोरी सोडू नये. भारतातून निघण्यापूर्वी कार्डाचा परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून चालू करून घेतलेला असावा.

शेजारच्याने आपल्यासाठी पेय मागवले तर नाकारण्यात अर्थ नाही. नको असेल तर ‘गाडी चालवायची आहे, मला जिंजर एल चालेल’ म्हणावे, त्याचा मान राहतो. पुढची खेप आपली, हे लक्षात ठेवावे. आपल्यासमोर उपडा ग्लास किंवा लाकडी चकती येऊन पडली तर आपले पुढचे पेय कुणीतरी आधीच चुकते केले आहे असा अर्थ. बारमागे दोरी लावलेली घंटा असेल तर गंमत म्हणून ओढू नये. ती वाजवणाऱ्याने सगळ्या खोलीला पेय पाजायचे असते, आणि ते बिल खरोखर हातात येते.

बोलायला विषय पुष्कळ आहेत. पाऊस, गवताची कापणी, रस्त्यावरचे बर्फ, मासेमारी, रोडिओ म्हणजे घोड्या-बैलांवर स्वार होण्याचे खेळ, गावच्या शाळेचा फुटबॉलचा संघ. भिंतीवरच्या डोक्यांत एल्क कोणते, म्यूल डियर कोणते, प्राँगहॉर्न कोणते हे विचारले की अर्धा तास निघतो. शिंगे असलेला ससा दिसला तर तो जॅकलोप, वायोमिंगमधल्या डग्लस गावात १९३० च्या दशकात पेंढा भरून तयार केलेली थाप. पण गुरे पाळणाऱ्या माणसाला ‘तुमच्याकडे गुरे किती, जमीन किती एकर’ हे चुकूनही विचारू नका. आपण चौकशीच्या भाषेत बोलत असतो, त्याला मात्र बँकेतली शिल्लक विचारल्यासारखे वाटते. त्याऐवजी त्याच्या गुरांचा डाग, म्हणजे ब्रँड, कसा आहे ते विचारावे. तो कागदी रुमालावर काढून दाखवेल. राजकारण आणि बंदुका हे विषय पाहुण्याने काढू नयेत. माणसांचे फोटो विचारून काढावेत आणि फ्लॅश बंद ठेवावा.

गाण्याच्या बैठकीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे ऐकणाऱ्यालाही शिस्त असते. फिडल, बँजो, मँडोलिन, गिटार, उभा बास अशी वाद्ये घेऊन मंडळी वर्तुळात बसतात. वर्तुळातली रिकामी खुर्ची वादकासाठी असते, तिथे बसू नये. गाणे सांगणारा आधी सूर सांगतो, बहुधा जी, ए किंवा डी. मग भजनी मंडळात जशी एकेकाला संधी मिळते तशी मान हलवून एकेकाला वाजवायला दिले जाते. प्रत्येकाच्या तुकड्यानंतर हलकी टाळी द्यावी, गाणे चालू असताना मोठ्याने बोलू नये. गाणे सुरू करणाऱ्याने एक पाय पुढे उचलला की ही शेवटची फेरी. हे एकदा ठाऊक झाले की नवखा ऐकणाराही शेवट बरोबर पकडतो. टोपली किंवा बरणी फिरली तर त्यात पाच डॉलर टाकावेत. नाच असेल तर जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, वेगाने नाचणारे बाहेरच्या कडेने आणि सावकाश नाचणारे आत. बाहेरच्या फेरीत मध्येच थांबले की धक्का बसतो.

पूल या बिलियर्डसारख्या खेळाच्या टेबलावर कडेला नाणी मांडलेली दिसतील, ती रांग आहे. आपले नाणे शेवटी ठेवावे किंवा फळ्यावर नाव लिहावे. जिंकणारा टेबलावर राहतो. नवा येणारा पैसे टाकतो आणि चेंडू रचतो. पांढरा चेंडू खिशात गेला तर पुढे काय, याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे, म्हणून सुरुवातीलाच ‘हाउस रूल्स’ विचारावेत. टेबलाच्या काठावर ग्लास ठेवणे अक्षम्य.

शाकाहारी मंडळींसाठी: ग्रिल्ड चीज सँडविच, भाजलेला बटाटा, सॅलड, तळलेले बटाटे आणि कांद्याच्या चकत्या एवढे बहुतेक ठिकाणी मिळते. बटाट्यावर आणि सॅलडवर बेकनचे तुकडे न सांगता टाकतात, तेव्हा ‘नो बेकन’ आधीच सांगावे. बीन्स दिसायला निरुपद्रवी, पण त्यात बहुधा डुकराचे मांस शिजलेले असते, ‘चिली’ नावाच्या तिखट रश्श्यात गोमांस असते आणि भाज्यांचे सूपही पुष्कळदा मांसाच्या रश्शावर करतात. तळणीचे तेल एकच असते, चिकन आणि बटाटे त्यातच. ज्यांना ते चालत नाही त्यांनी तळलेले सोडून द्यावे. ‘रॉकी माउंटन ऑयस्टर्स’ हे शिंपले नव्हेत, वळूचे वृषण तळलेले असतात. मांसाहारींनीही मागवण्यापूर्वी हे ठाऊक असू द्यावे.

आणि परतीचा रस्ता. छोट्या गावात रात्री टॅक्सी मिळेल या भरवशावर राहू नये, ॲपवर गाडी दिसतच नाही. म्हणून मुक्काम चालत जाता येईल इतका जवळ घ्यावा, आणि खोली आधी आरक्षित करावी, कारण सलून आवडले म्हणून ऐनवेळी खोली शोधणाऱ्याला उन्हाळ्यात गावात जागा मिळत नाही. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा बहुतेक राज्यांत ०.०८ टक्के आहे, युटामध्ये ०.०५. पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो, खटल्याचा निकाल पुढे काहीही लागो. भाड्याच्या गाडीचा विमाही अशा वेळी हात वर करतो. उघडलेली बाटली गाडीत प्रवाशांजवळ ठेवणे बहुतेक राज्यांत गुन्हा आहे. उरलेली दारू बरोबर न घेतलेलीच बरी, आणि बंद बाटली डिकीत ठेवावी. न पिणाऱ्या चालकानेही संधिप्रकाशात आणि रात्री वेग कमी ठेवावा. या रस्त्यांवर हरणे कळपाने येतात. एक ओलांडून गेले की मागून दुसरे येतेच, त्यामुळे पहिले गेल्यावर लगेच वेग वाढवू नये. गुडस्प्रिंग्जहून लास व्हेगसला परतणाऱ्यांनी चालक कोण हे सलूनमध्ये शिरण्यापूर्वी ठरवावे आणि गाडीची किल्ली तिथेच त्याच्या हाती द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक